बरणीचं झाकण उघडेना

प्रश्न: नमस्कार ताई, मी 72 वर्षांची, मिस्टर गेल्यापासून साताऱ्यात एकटीच राहते, मुलगी बंगलोरला असते. शुगर-बीपी काही नाही, रोज सकाळी पाऊण तास फिरते. पण पावसाळ्यात चिकनगुनिया झाला, दोन आठवडे अंथरुणातच गेले आणि तेव्हापासून पायात जीवच नाही. पाटावरून उठणं तर सोडाच, सोफ्यावरून उठतानाही हात टेकावे लागतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला शेजारच्या मुलाला हाक मारते. वजन मात्र 58 होतं ते 58च आहे. मैत्रिणी म्हणतात वय झालं. खरंच वयच का हो?

उत्तर: काकू, वयाचा वाटा आहेच पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. आधी एक बघा, बोटं-गुडघे अजून सुजतात का, सकाळी आखडतात का? तसं असेल तर ते चिकनगुनियाचं उरलेलं दुखणं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा, त्याचबरोबर व्हिटॅमिन डी, बी-12 आणि थायरॉइड पण तपासून घ्या.

सूज नसेल तर मला स्नायू झिजल्याची शंका येते. याला सार्कोपेनिया म्हणतात, नाव 1989 साली रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी दिलं, प्रकार अर्थातच जुनाच. वजन तेवढंच राहिलं म्हणून फसू नका, स्नायू कमी होतो आणि त्याची जागा चरबी घेते, काटा हलतच नाही. आणि ते दोन आठवडे फार महागात पडले असणार. अमेरिकेत ठणठणीत ज्येष्ठांना फक्त 10 दिवस झोपवून ठेवलं तर पायांतला जवळजवळ 1 किलो स्नायू गेला होता, आणि ती माणसं आजारी पण नव्हती!

घरी एक टेस्ट करा. खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर घडी, आणि न टेकता 5 वेळा उठायचं-बसायचं. शेजारच्या मुलाला घड्याळ धरायला बसवा, म्हणजे तोल गेला तरी कुणी असेल. 12 सेकंद किंवा जास्त लागले, किंवा जमलंच नाही, तर डॉक्टर नाहीतर फिजिओकडे जायचं.

आता फिरण्याबद्दल. फिरणं अजिबात सोडू नका पण त्याने हृदयाला जेवढा फायदा होतो तेवढा मांडीला होत नाही, कारण पायाला त्याची सवय झालेली असते. स्नायूला ओझं लागतं, आणि ते हळूहळू वाढवावं लागतं. तीच खुर्ची घ्या, सुरुवातीला हात टेकून 5-6 वेळा उठा, मग हात न टेकता, मग बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश बसा, तेही सोपं झालं की डाळीची पिशवी छातीशी धरून. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, भिंतीला हात लावून जोर मारायचे. आठवड्यातून 3 दिवस पुरे, मधे एक दिवस सुट्टी. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबायचं. 1990 मध्ये बॉस्टनला नव्वदीच्या आसपासच्या लोकांकडून 8 आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली तर त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली, तुम्ही तर अजून 72च्या.

आणि जेवण! एकट्या माणसाचं मला माहितीय, सकाळी चहा-खारी, दुपारी पातळ वरण-भात आणि एखादी पोळी, रात्री 'एकटीसाठी काय करायचं' म्हणून दूध-पोहे. याची बेरीज केली तर प्रोटीन जेमतेम 25-30 ग्रॅम भरतं. या वयात किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम धरतात, म्हणजे तुम्हाला 58 ते 70. ते एकदम दुपारी नाही, तिन्ही वेळेला वाटून. खारी बंद करून दोन अंडी (12 ग्रॅम), नको असतील तर मुगाची धिरडी आणि वाटीभर दही. वरण घट्ट करा, मटकीची उसळ एकदाच करून दोन दिवस पुरवा. रात्री 50 ग्रॅम पनीर किंवा मोठा कप दूध. महिन्याच्या दोन एकादश्या साबुदाण्यावर निघत असतील तर त्या दिवशी दूध-दही-दाणे बरोबर ठेवा, साबुदाण्यात प्रोटीन नावालाच.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असतो. बाबा 78, पुण्यात एकटे. त्यांना प्रोटीन पावडर पाठवू का? घरकामाला आणि स्वयंपाकाला माणसं ठेवलीत, सामान ॲपवरून येतं, त्यांना काही करावं लागत नाही.

उत्तर: पावडर विष नाही, पण आधी त्यांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा, किडनी कमजोर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मला खटकलं ते शेवटचं वाक्य. माणसं राहू द्या, पण भाजी ॲपवरून मागवू नका. मंडईत त्यांना स्वतः जाऊ दे आणि पिशवी त्यांनाच उचलू दे, सुरुवातीला अर्धी भरून.