ऑसिलोस्कोपवर आठ व्होल्ट, तरी एलईडी पेटत नाही

प्रश्न: आमच्या वर्कशॉपमध्ये लेथची मोटर सतत थरथरते. त्या थरथरीतून वीज मिळवायला मी स्टीलच्या पट्टीवर बझरची पायझो डिस्क (वाकली की वीज देणारी चकती) चिकटवली, टोकाला नट बांधला आणि पट्टी मोटरच्या पायाजवळ आवळली. ऑसिलोस्कोपवर शिखराला 8 व्होल्ट दिसतात. पण चार 1एन4007 डायोडचा ब्रिज (उलटसुलट करंट एकाच दिशेला वळवणारी जोडणी) आणि 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून एलईडी जोडला, तर तो पेटतच नाही. कुठे चुकतंय?
– डिप्लोमाची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: पट्टी आणि नट ही जुळणी अगदी योग्य आहे. डिस्क थेट बिडाच्या अंगावर चिकटवली असतीस तर ती वाकलीच नसती, आणि वाकल्याशिवाय पायझो वीज देत नाही. तुझी मोटर 1440 आरपीएमची असेल तर मुख्य थरथर सेकंदाला 24 वेळा. नट मागेपुढे सरकवून पट्टी त्याच 24 हर्ट्झला जुळव.

आता आठ व्होल्टांकडे येऊ. बझरची डिस्क म्हणजे साधारण 20 नॅनोफॅरडचा कपॅसिटरच. 24 हर्ट्झला त्याचा अडथळा सव्वातीन लाख ओहमच्या वर जातो. ऑसिलोस्कोप जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून त्याला पुरे आठ व्होल्ट दिसतात. एलईडीला ते मिळणार नाहीत.

ब्रिजपाशी काय होतं ते नीट बघ, कारण खरी मेख तिथेच आहे. पट्टी एका बाजूकडून दुसरीकडे जाते तेव्हा डिस्क 320 नॅनोकूलोम चार्ज तयार करते. कपॅसिटर 4 व्होल्टांवर असेल, तर ब्रिज सुरू होण्याआधी डिस्कला स्वतःचा व्होल्टेज उणे 4 वरून अधिक 4 वर न्यावा लागतो. त्यातच 160 नॅनोकूलोम खर्च होतात आणि उरलेले अर्धे तुला मिळतात. साध्या ब्रिजला याहून चांगलं जमत नाही. हिशेब केलास तर जेमतेम 30 मायक्रोवॅट येतात, तेही डायोडमधली घट न धरता. एलईडीला नीट उजळायला 20 मिलिवॅट लागतात, म्हणजे साडेसहाशेपट.

शिवाय तुझा हजार मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. येणारा करंट आठ-दहा मायक्रोअँपिअर, आणि तेवढी गळती त्या कपॅसिटरची स्वतःचीच असू शकते. तो काढ. 47 मायक्रोफॅरडचा कमी गळतीचा टँटलम लाव, वीसेक सेकंदांत 4 व्होल्टांच्या आसपास येईल. मग एलईडी क्षणभर चमकवता येईल, सतत नाही.

वाया जाणारे ते 160 नॅनोकूलोम वाचवायची युक्ती मला या विषयात सगळ्यात देखणी वाटते. फ्रान्समध्ये लिआँच्या इन्सा संस्थेतल्या डॅनिएल गियोमार आणि सहकाऱ्यांनी ती 2005 साली सविस्तर मांडली. पट्टी टोकाला पोचते त्या क्षणी डिस्कच्या दोन टोकांना एक कॉइल जोडायची आणि लगेच सोडायची. 10 मिलिहेन्रीची कॉइल घेतलीस तर डिस्कवरचा व्होल्टेज 44 मायक्रोसेकंदांत उलटतो. समजा 4 चे उलटून उणे 3 झाले. आता डिस्कला भरून काढायचा फरक आठ व्होल्टांचा नाही, एकाच व्होल्टाचा. बाकी सगळा चार्ज पुढे जातो. एमआयटीत रामदास आणि चंद्रकासन यांनी हेच चिपवर उतरवलं आणि 2010 मध्ये साध्या ब्रिजच्या चौपटीहून जास्त वीज काढून दाखवली.

पण कॉइल जोडणारा-सोडणारा स्विच चालवणारं सर्किटही वीज खातं. 30 मायक्रोवॅटच्या कमाईत मायक्रोकंट्रोलर जागा ठेवून शिखर शोधायला बसलीस तर पदरात काही पडणार नाही. म्हणून आधी एलटीसी3588-1 ही तयार चिप वापर. व्होल्टेज उलटवायची सोय तिच्यात नाही, पण ब्रिज आतच आहे, 3.3 व्होल्टांच्या सेटिंगला ती कपॅसिटर पाचेक व्होल्टांवर येईपर्यंत थांबते आणि थांबताना एक मायक्रोअँपिअरही खात नाही. तिच्यावर तापमान मोजून थोड्या थोड्या वेळाने एक संदेश पाठवणारा सेन्सर चालव. ते जमलं की कॉइल हातात घे, आणि आधी तिचा रोध मोज: तो जितका कमी, तितका व्होल्टेज पुरता उलटेल.