न सांगता शिकलेला क्रम

प्रश्न : नियम कुणी सांगितलेला नसतो, तरी सरावाने बोटं पुढचं ओळखू लागतात. हे मोजता येतं का?

उत्तर : येतं. निसन आणि बुलेमर या मानसशास्त्रज्ञांनी 1987 साली यासाठी सोपी पद्धत मांडली. पडद्यावर चार जागा, प्रत्येकीखाली एक कळ. खूण दिसेल तिथली कळ दाबायची, बस्स. खुणा ठरलेल्या क्रमाने फिरतात, हे सांगायचं नाही.

सगळी मेख क्रमात आहे. हा घ्या : 3-1-3-4-2-1-4-3-2-4-1-2. प्रत्येक जागा 3 वेळा येते. 3 नंतर कधी 1, कधी 4, कधी 2. म्हणजे एका खुणेवरून काही कळत नाही, मागच्या दोन पाहिल्या तरच पुढची ठरते. एखादी जागा जास्त वेळा आली, तर माणूस तेवढंच शिकतो आणि आपण उगाच खूश होतो.

क्रम बराच वेळ फिरवल्यावर मध्येच खुणा विस्कळीत करा. वेग घटतो. पण तो थकव्यानेही घटेल, म्हणून शेवटी मूळ क्रम परत आणा. वेग सावरला तरच ते शिकणं. विस्कळीत भागातही एकच जागा लागोपाठ दोनदा नको.

क्रम नकळत शिकला की कळून, हे तपासायला नंतर ‘काही क्रम जाणवला का?’ एवढंच विचारणं कच्चं. त्या प्रश्नातच उत्तर सुचवलेलं असतं. क्रम स्वतः दाबून दाखवायला सांगा. मूळ प्रयोगात तर स्मृतिलोपाचे (अ‍ॅम्नेशियाचे) रुग्णही क्रमाची जाणीव नसताना वेगवान झाले होते.