म्यानमारमध्ये लष्करी राजवटीत राजकीय कैद्यांना कसं वागवतात?

थोडक्यात सांगायचं तर शिक्षा कोर्टात सुनावली जाते, पण खरा छळ त्याआधी, चौकशी केंद्रातच सुरू होतो. तिथे वकील नाही, घरच्यांना पत्ता नाही. झोपू न देणं आणि मारहाण हे तर नेहमीचंच.

यांगूनचं इन्सेन तुरुंग ब्रिटिशांनी बांधलेलं. अधिकारी आला की कैद्याने मांडी घालून, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर आणि नजर खाली ठेवून बसायचं, ही तिथली जुनी सक्ती. लष्करी कुत्र्यांसाठी बांधलेल्या कोठड्यांतही माणसं डांबली गेली. पत्रकार विन टिन त्यांपैकी एक. १९८९ ते २००८ अशी तब्बल १९ वर्षं ते आत होते. कागद-पेन मिळेना, तेव्हा विटेची भुकटी पाण्यात कालवून त्यांनी भिंतीवर कविता लिहिल्या! सुटल्यावरही, बाकीचे आत आहेत तोवर, ते कैद्यांसारखा निळा शर्टच घालत राहिले.

दुसरी युक्ती म्हणजे घरापासून शेकडो मैलांवरच्या तुरुंगात बदली. वरवर साधा प्रशासकीय निर्णय, पण भेट बंद झाली की घरून येणारं अन्न आणि औषधही बंद. माझ्या मते मारहाणीइतकंच हेही क्रूर आहे.

फेब्रुवारी २०२१ च्या सत्तापालटानंतर दंड संहितेत कलम ५०५-अ घुसडलं गेलं. ‘भीती पसरवणारं’ बोलल्याबद्दल ३ वर्षांपर्यंत कैद. खटले तुरुंगाच्या आतच, बंद दाराआड चालतात. जुलै २०२२ मध्ये चौघांना फाशी दिली, त्यांत माजी खासदार फ्यो झेया थॉ होते. मृतदेहसुद्धा कुटुंबीयांना दिले नाहीत.