बायकोचा रिपोर्ट म्हणजे आपला रिपोर्ट नव्हे

"एचआयव्ही तपासणीच्या शिबिराला बायका आल्या, पुरुष एकही फिरकला नाही. म्हणतात, बायकोची गरोदरपणी तपासणी झालीय, तीच आमची." तुमचं हे वाचून हसू आलं आणि पोटात गोळाही. आमच्या बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांत हेच ऐकत आलोय. नवरा-बायकोचे निकाल वेगळे येऊ शकतात हे तुम्ही सांगितलं असेलच, ते सोडतो.

मी डॉक्टर नाही, अनुभवाचं तेवढं सांगतो. माझी घोडचूक अशी, की सात गडी कसेबसे तयार केले आणि एकाच जीपमध्ये कोंबून तालुक्याला नेले, तेही बाजारच्या दिवशी. अर्धं गाव दवाखान्यातच, कुणी दात दाखवायला, कुणी केसपेपर काढायला. त्यात खिडकीतून आवाज आला, "एचआयव्हीवाले इकडं लाइनीत या!" पाच जण चपला सरकवत थेट स्टँडवर. साहेबांकडे गेलो तर म्हणे, "त्यात लपवायचं काय?" अहो, संमती घ्या, गुप्तता पाळा असं २०१७ चा एचआयव्हीचा कायदाच सांगतो. पण वाचतंय कोण! त्या पाचातला एक दोन वर्षांनी टीबी घेऊन उभा राहिला, तेव्हा एचआयव्ही कळला. एचआयव्हीचं औषध २००४ पासून सरकारी केंद्रात फुकट मिळतं, आणि हा दोन वर्षं खोकत ऊस तोडत होता. (त्याला विचारूनच लिहितोय.)

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. बॅनर नको, भोंगा तर नकोच. शुगर-बीपीच्या तपासणीसोबत हीही करता का, असं विचारा. पण न सांगता रक्त काढायचं नाही. टोळ्या दसऱ्यानंतर हलायला लागतात, त्याआधी गडी गावात सापडतात. मुकादमाला मध्ये घेऊ नका. आमच्याकडच्या एका मुकादमाने उचल (आगाऊ मजुरी) देण्याआधी रिपोर्ट मागायला सुरुवात केली होती, भांडून बंद पाडलं.

शेवटी मी स्वतःची तपासणी केली आणि पारावर सगळ्यांसमोर सांगितलं. त्याच रात्री दोघे घरी आले, "कुठं जायचं असतं?" त्यांना वेगवेगळ्या दिवशी, शेजारच्या तालुक्यात पाठवलं. भानगड अलीकडचीच असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगा. एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला, १०९७ वर, फोन फुकट लागतो.

आणि हो, समुपदेशक कुठल्या दिवशी असतो ते आधी विचारून घ्या. आमचा गुरुवारी दुसऱ्याच केंद्रावर असायचा, एकाचे दोन हेलपाटे झाले आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली. ती मी भरून दिली, नाहीतर तिसऱ्यांदा तो गेलाच नसता.