जिथं सर्टिफिकेट, तिथं तू

पोरी,

परवा काउंटरपाशी उभी राहून तू विचारलंस, "काका, डी. फार्म. झालं, फार्मासिस्ट म्हणून रजिस्ट्रेशनही आलं, पण मी नक्की कोण? डॉक्टर नाही, दुकानही माझं नाही." गिऱ्हाईक होतं म्हणून मी गप्प बसलो. खरं तर चिडलो होतो. कारण जाता जाता हळूच म्हणालीस, की यावलकडचा एक दुकानदार सर्टिफिकेट लावायचे महिन्याला पैसे देतोय आणि तू घरी तलाठी भरतीचा अभ्यास करणार आहेस.

परीक्षा खुशाल दे. पण जिथं तुझं सर्टिफिकेट टांगलेलं असेल, तिथं तू उभी असली पाहिजेस.

मी नव्हतो. १९९८ साली माझं सर्टिफिकेट एका गावातल्या दुकानात होतं आणि मी औषध कंपनीची बॅग घेऊन जळगाव-धुळे डॉक्टरांच्या दारात. तिथल्या पोऱ्यानं सांधेदुखीच्या एका बाईला मेथोट्रेक्सेटची गोळी दिली. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा होतं, त्यानं सांगितलं रोज एक. दहा-बारा दिवसांत तोंडभर फोड, रक्तातल्या पेशी घसरलेल्या. बाई वाचली. बिलावर नाव माझं होतं.

तेव्हा घरी सलग दोन वर्षं कापूस गेला होता, बहिणीचं लग्न तोंडावर होतं. सगळेच सर्टिफिकेट लावायचे. हे मी तुला का सांगतोय, कळत नाही. तू काही विचारलं नव्हतंस. पण गरज होती, हे खोटं नाही.

फार्मसी कायदा १९४८ चा. त्याचं ४२ वं कलम सांगतं, की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलंस ना? मग 'मी कोण' हे मला काय विचारतेस?

आता ती गोळी मी देतो तेव्हा पाकिटावर वार लिहितो आणि म्हणतो, "फक्त बाजाराच्या दिवशी." वार विसरतील, बाजार नाही विसरत. म्हातारी विचारते, "भाऊ, ह्या गोया कव्हय खावान्या?" पाच मिनिटं जातात, मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे. ५०० तासांच्या ट्रेनिंगमध्ये तुला खोकी मोजायला लावली असतील, हे कुणी दाखवलं नसेल. म्हणूनच उभं राहा म्हणतो. चिठ्ठी वाचून डॉक्टरला फोन करायला हात थरथरतो ना, तो उभं राहिल्याशिवाय थांबत नाही. माझा अजून थोडा थरथरतो.

पगार कमी देईन, आधीच सांगतो. तुझं सर्टिफिकेट माझ्या भिंतीवर लागलं, तर सकाळी नऊला शटर वर जाताना तू दारात हवीस. एच-१ चं, म्हणजे जास्त जपून द्यायच्या औषधांच्या विक्रीचं, रजिस्टर तू लिहायचंस. ते तीन वर्षं जपावं लागतं आणि माझं अक्षर आता मलाच लागत नाही.

यावलच्या माणसाला नाही म्हणून कळव. आजच.

— काका