स्तनाचा कर्करोग झाला की पूर्ण स्तन काढावाच लागतो का?

नाही, दर वेळी नाही. गाठ लहान असेल तर ती आणि भोवतीचा थोडा निरोगी भाग काढून नंतर रेडिएशन देतात. हे आज ठामपणे सांगता येतं ते मुख्यतः अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर यांच्यामुळे.

त्यांच्याआधी कित्येक दशकं अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांची पद्धत चालायची. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड), सगळं एकदम काढायचं. बरगड्यांवर ताणलेली कातडी उरायची, बऱ्याच जणींचा हात कायमचा सुजायचा. फिशर यांचं म्हणणं असं की कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे सुरुवातीलाच दूर गेलेल्या असू शकतात, मग जास्त कापून काय साधणार? अनेक सर्जन त्यांच्यावर भडकले, पण त्यांनी वाद न घालता दोन्ही उपचारांची रुग्णांवर तुलना करणारी चाचणी घेतली. मला त्यांचं हेच सर्वांत मोठं वाटतं.

1976 मध्ये सुरू झालेल्या चाचणीतल्या 1,851 स्त्रियांचे 20 वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. पूर्ण स्तन काढलेल्या आणि फक्त गाठ काढलेल्या स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. मात्र फक्त गाठ काढलेल्यांपैकी रेडिएशन घेतलेल्या सुमारे 14 टक्के स्त्रियांना त्याच स्तनात पुन्हा कर्करोग झाला, न घेतलेल्यांत 39 टक्के. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेलं रेडिएशन कृपया मधेच सोडू नका.

गाठ स्तनाच्या मानाने मोठी असेल किंवा रेडिएशन देणं शक्य नसेल, तर पूर्ण स्तन काढणंच योग्य ठरू शकतं. तसा सल्ला मिळाला तर "माझ्या बाबतीत स्तन का वाचवता येणार नाही?" हे सर्जनना नक्की विचारा.