सिनेमा-मालिका ही नुसती करमणूक असेल तर स्त्रीवादी नजर कशासाठी?

तुम्ही विचारलंय: "बहीण म्हणते, सिनेमे, मालिका, जाहिराती स्त्रीवादी नजरेने बघायला हव्यात. पण ही तर नुसती करमणूक, तिच्यात हे सगळं कशाला शोधायचं? आणि बायकाच जर आवडीने बघतात, तर दोष कुणाचा?"

मी डबिंगसाठी परदेशी मालिकांचे संवाद मराठीत आणते. बरीच वर्षं हेच काम करते आहे. एकेक वाक्य दहा-पंधरा वेळा ऐकावं लागतं, ओठांच्या हालचालीत शब्द बसवावे लागतात. त्यामुळे मजेत बघताना जे निसटून जातं ते समोर येऊन उभं राहतं. या कामाने मला एक सवय लावली. पात्र चांगलं की वाईट, खंबीर की दुबळं हे ठरवण्याआधी त्याच्या वाट्याला कोणती क्रियापदं आली आहेत, ते मी बघते.

थरारपटात नायकाच्या बायकोचे संवाद मी आता न ऐकताही लिहू शकेन. "कुठे निघालास?" "तू माझ्यापासून काहीतरी लपवतोयस." "मुलांचा तरी विचार कर." "सांभाळून जा." त्याची क्रियापदं निराळी असतात. तो शोधतो, फसतो, ठरवतो, चुकतो, पस्तावतो, परत येतो. ती विचारते, अडवते, वाट बघते, माफ करते. तिने विचारायचं ते कशासाठी? त्याने उत्तर द्यावं आणि प्रेक्षकांना कथानक कळावं म्हणून. एखाद्या कथेत असं असेल तर ती त्या कथेची गरज म्हणता येईल. एकामागून एक शेकडो कथांमध्ये तेच येत राहिलं की त्याचा साचा होतो, आणि साच्यातून निघालेली गोष्ट आपल्याला निसर्गनियमासारखी वाटायला लागते. मला तर स्त्रीवादी नजर म्हणजे एवढंच वाटतं: या वाक्याचा कर्ता कोण, हे दर वेळी विचारणं.

हे काही आजचं नाही. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ मध्येच म्हणून ठेवलंय की कथा-कादंबऱ्यांतल्या बायका जवळपास नेहमी पुरुषाशी असलेल्या नात्यातूनच दाखवल्या जातात. १९८५ मध्ये ॲलिसन बेक्डेल या अमेरिकन चित्रकथाकार बाईंनी आपल्या एका चित्रपट्टीत हीच गोष्ट तीन अटींत बसवली; कल्पना त्यांना एका मैत्रिणीकडून मिळाली होती. सिनेमात किमान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि ते बोलणं पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी असावं. लोक हल्ली या कसोटीकडे सिनेमाला द्यायचं प्रमाणपत्र म्हणून बघतात. ते मला पटत नाही. अगदी भिकार सिनेमा तिच्यात पास होतो आणि एखादा अप्रतिम सिनेमा नापास. ती लावायची ती सिनेमांच्या ढिगाला, एकेका सिनेमाला नव्हे. आणि मग उलटा प्रश्नही विचारून बघा: दोन पुरुष एकमेकांशी बाईखेरीज दुसऱ्या विषयावर बोलतात का? हे तपासावं असं सहसा कुणाच्या मनातही येत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे.

तुम्ही करमणुकीबद्दल विचारलंत, पण बातम्याही याच कारखान्यातून निघतात. १९९५ पासून दर पाच वर्षांनी एक जागतिक माध्यम पाहणी होते. ठरवलेल्या एकाच दिवशी अनेक देशांतले स्वयंसेवक त्या दिवसाच्या बातम्या मोजतात. ज्यांच्याबद्दल बातमी आहे किंवा जी माणसं बातमीत बोलतात, त्यांच्यात १९९५ मध्ये बायका १७ टक्के होत्या. २०२० मध्ये २५ टक्के. पाव शतकात एवढीच चाल. गे टकमन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ मध्ये यासाठी एक कठोर शब्दप्रयोग वापरला होता, प्रतीकात्मक उच्चाटन. बाईला वगळायचं, दाखवलंच तर किरकोळ करायचं, आणि चौकटीबाहेर गेली तर तिला दूषणं द्यायची.

आणि मथळ्यांचं व्याकरण? "तरुणीचा विनयभंग." "महिलेवर अत्याचार." या वाक्यांत कर्ता कुठे गेला? कृत्य आकाशातून पडल्यासारखं झालं, आणि लक्षात राहिली ती फक्त ती तरुणी, ती महिला. तिने काय घातलं होतं, ती किती वाजता कुठे होती, हे पुढच्या परिच्छेदात येतंच. याउलट बाईने काही कमावलं की कर्त्याला शेपूट लागतं: महिला वैमानिक, महिला शास्त्रज्ञ, महिला दिग्दर्शक. "पुरुष वैमानिक" असं मी अजून एकाही बातमीत वाचलेलं नाही.

आता नजरेकडे येते, कारण तुमची बहीण बहुधा त्याबद्दलच बोलत असावी. नायिका पडद्यावर पहिल्यांदा येते तो प्रसंग आठवून बघा. कॅमेरा पायांपासून वर सरकत जातो, केस, मान, ओठ असे तुकडे दाखवतो, चेहरा सगळ्यात शेवटी. हालचाल मंदावते, संगीत बदलतं, कथा तेवढा वेळ थबकते. मग कट, आणि नायकाचा चेहरा: तो बघतोय. म्हणजे आत्तापर्यंत आपण त्याच्या डोळ्यांनी बघत होतो. नायक पहिल्यांदा येतो तेव्हा तो काहीतरी करत असतो. लॉरा मल्वी या ब्रिटिश सिनेअभ्यासक बाईंनी १९७५ मध्ये 'स्क्रीन' या नियतकालिकातल्या लेखात याचं पहिलं नीट विच्छेदन केलं. सिनेमात तीन नजरा असतात, कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची. पहिल्या दोन तिसरीत विरघळून जातात आणि ती तिसरी बहुतेक वेळा पुरुषाची असते, असं त्यांचं म्हणणं. 'पुरुषी नजर' हा शब्द तिथून आला.

या मांडणीवर आक्षेपही आले आणि ते मला तितकेच मोलाचे वाटतात. प्रेक्षकांत बसलेल्या बाईचं काय? ती नायकाच्या डोळ्यांनी बघते की नायिकेच्या जागी स्वतःला ठेवते? मल्वी स्वतः १९८१ मध्ये या प्रश्नाकडे परत आल्या. पुढे १९९२ मध्ये बेल हुक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेने विचारलं की आपण 'बाई' म्हणतो तेव्हा ती कोणती बाई? पडद्यावरची नायिका गोरी, आणि कृष्णवर्णीय बाई असलीच तर मोलकरीण किंवा हसं करायला. अशा बाईला ना नायकाच्या नजरेत जागा, ना नायिकेच्या रूपात. म्हणून कृष्णवर्णीय बायका सिनेमा बघताना त्याच्याशी वाद घालतच बघायला शिकल्या, असं हुक्स म्हणतात. बघताना भांडायचं, हे मी त्यांच्याकडून घेतलं. भांडल्याने सिनेमा बघण्यातली गोडी जाते, हा माझा अनुभव नाही.

जाहिरातींबद्दल एकच सांगते. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात जाहिरातींतली शेकडो छायाचित्रं लावून बघितली. त्याचं लक्ष हातांकडे होतं. पुरुषाचा हात वस्तू घट्ट पकडतो, वापरतो. बाईची बोटं वस्तूवरून नुसती फिरतात, तिला कुरवाळतात, किंवा स्वतःच्याच गालाला टेकलेली असतात. पुरुष ताठ उभा, बाई एका गुडघ्यात वाकलेली, मान कलती, नजर चौकटीबाहेर कुठेतरी हरवलेली. इतक्या वर्षांनंतर ही यादी घेऊन आजची कुठलीही जाहिरात बघा.

यात पुरुषांचं भलं होतं असंही समजू नका. ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून घातक लिंगभेदी साचे दाखवणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे. त्या नियमाखाली पहिल्याच फटक्यात दोन जाहिराती थांबवल्या गेल्या. एका मोटारीच्या जाहिरातीत पुरुष अंतराळात तरंगत होते, लांब उडी मारत होते, आणि बाई बाबागाडीशेजारी बाकावर बसली होती. दुसरी जाहिरात चीजची. तिच्यात दोन बाप खाण्याच्या नादात आपापली तान्ही बाळं सरकत्या पट्ट्यावर विसरतात. हसवण्यासाठीच केलेली होती ती. पण तिच्यातून निघणारा अर्थ असा की बापाला मूल सांभाळता येत नाही, आणि म्हणून ते काम कायमचं आईचं. एकाच साच्याने बापाला बावळट ठरवलं आणि आईला जुंपलं. मुलग्यांनी रडायचं नाही, घाबरायचं नाही, मदत मागायची नाही, हे मुलगे कुठे शिकतात? मी ज्या कथांना आवाज मिळवून देते, त्यांचाही त्यात वाटा आहे, आणि याचं मला ओझं वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न: दोष कुणाचा? इथे मला माझीच एक गोष्ट सांगायला हवी.

एका पोलिसी मालिकेत दोन तपास अधिकारी होते, एक पुरुष, एक बाई. हुद्दा एकच, नोकरीची वर्षंही जवळपास सारखी. मूळ इंग्रजीत दोघंही एकमेकांना 'यू' म्हणतात, तिथे प्रश्नच येत नाही. मराठीत मात्र तू की तुम्ही हे पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं. तीन भागांचे संवाद लिहून झाले, ध्वनिमुद्रण सुरू झालं, आणि बाईंच्या पात्राला आवाज देणारी कलाकार मध्येच थांबून म्हणाली, "ही याच्या हाताखाली आहे का?" मी म्हटलं, नाही, बरोबरीची आहे. तिने कागद माझ्यासमोर धरला. तो तिला "तू" म्हणत होता आणि ती त्याला "तुम्ही". पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मूळ लेखकाने न केलेला भेद मी केला होता, एक बाई, आणि त्यातही या विषयावर वाचलेली बाई. मी तिन्ही भाग नव्याने लिहिले. निर्मात्यांना दोघांनी एकमेकांना "तू" म्हणणं "उद्धट" वाटलं, म्हणजे तिने म्हणणं. त्याने म्हणणं कुणाला खटकलं नव्हतं. बरीच घासाघीस होऊन शेवटी दोघंही "तुम्ही" म्हणू लागले.

म्हणून मी दोषाच्या भाषेत फार बोलत नाही. कुणी खोलीत बसून बायकांना खाली दाखवायचा कट करत नाही. मुदत जवळ येते, हात तयार वाक्याकडे जातो, आणि ते तयार वाक्य आधीच कुणीतरी तसं करून ठेवलेलं असतं. बाईने लिहिलं म्हणून साचा आपोआप मोडत नाही. तरीही लिहिणाऱ्या, दिग्दर्शन करणाऱ्या, छायाचित्रण करणाऱ्या बायका वाढायला हव्यातच. ऑस्करमध्ये उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार एका बाईला, कॅथरिन बिगेलो यांना, पहिल्यांदा मिळाला तो २०१० मध्ये, म्हणजे पुरस्कार सुरू होऊन ऐंशी वर्षं उलटल्यावर. पडद्यावर काय दिसावं हे तोवर ठरवणारे बहुतेक पुरुषच होते.

आणि "बायकाच आवडीने बघतात" हे खरंच आहे. पण त्यांना काय आवडतं, हे विचारल्याशिवाय त्यातून निष्कर्ष काढू नका. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी हाच प्रश्न घेऊन अमेरिकेतल्या एका गावात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं. कादंबऱ्यांतली नायिका जुन्याच चौकटीतली होती. पण वाचणाऱ्या बायका म्हणत, पुस्तक हातात असतं तेवढा वेळ माझा असतो, तेव्हा मी कुणाची आई नसते की बायको नसते. सगळ्यांची काळजी घेणाऱ्या बाईला जिथे कुणीतरी नायिकेची काळजी घेतं अशी गोष्ट हवीशी वाटत होती. ती गोष्ट मागास आहे असं म्हणून त्या बाईवर हसणं मला क्रूर वाटतं. तिला तो वेळ दुसरीकडे कुठे मिळत नव्हता, हे त्यातलं बोलण्यासारखं आहे.

हल्ली साच्याला नवं रूप आलंय, 'खंबीर नायिका'. ती चार जणांना लोळवते, तिला भीती नाही, मैत्रीण नाही, म्हातारपण तर नाहीच. क्रियापदं नायकाची दिली, पण शरीर आणि ते दाखवणारा कॅमेरा जुनाच ठेवला. मला अशी नायिका बघायची असते जी चुकते आणि तिच्या चुकीची कथा होते, शिक्षा होत नाही. पुरुष पात्रांना हा हक्क पूर्वीपासून आहे.

तुम्हाला करून बघायचं असेल तर आवडीचा एखादा सिनेमा घ्या, नावडता नको. बहिणीला शेजारी बसवा. दहा मिनिटं आवाज बंद करा आणि फक्त हात बघा: कुणाचे हात काय करताहेत, कुणाचे रिकामे आहेत, कुणाचे दुसऱ्याला वाढताहेत, पुसताहेत, थोपटताहेत. मग आवाज सुरू करून पुढचं बघा. तुम्हाला जे दिसलं आणि तिला जे दिसलं ते वेगळं निघालं, तर तिथून बोलायला सुरुवात करा.